अनेक थांब्यांच्या विमानप्रवासात सेगमेंट कसे मोजतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान वाटेत एकदा उतरले, पुन्हा उडाले आणि मुक्कामी पोहोचले, म्हणजे दोन सेगमेंट झाले असे बहुतेक प्रवासी धरून चालतात. हा हिशोब कधी बरोबर निघतो, कधी चुकतो. कारण विमान किती वेळा उतरले हे विमान कंपनी सहसा मोजतच नाही, तिकिटावर काय लिहिले आहे ते मोजते. शिवाय त्याच प्रवासाची मोजदाद कर आकारणारे सरकार एका रीतीने करते, नुकसानभरपाई ठरवणारे न्यायालय दुसऱ्या आणि आकडेवारी गोळा करणारी संस्था तिसऱ्याच रीतीने. त्यामुळे ‘किती सेगमेंट झाले?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मोजणारा कोण आहे, हे आधी पाहावे लागते.

सेगमेंट म्हणजे नेमके काय?

एका फ्लाइट नंबरखाली तुम्ही ज्या विमानतळावर चढता आणि ज्या विमानतळावर तिकिटाप्रमाणे उतरता, त्या दोन ठिकाणांमधला प्रवास म्हणजे एक सेगमेंट. विमानाचे एक उड्डाण आणि त्यानंतरचे लगेचचे उतरणे याला ‘लेग’ म्हणतात. लेग विमानाचा असतो आणि सेगमेंट प्रवाशाचा, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो. एका सेगमेंटमध्ये एक लेग असू शकतो, दोन असू शकतात, सहाही असू शकतात.

सहा लेगचे उदाहरण काल्पनिक नाही. युनायटेड एअरलाइन्सची यूए १५४ ही फेरी होनोलुलूहून निघते आणि प्रशांत महासागरातल्या माजुरो, क्वाजालीन, कोसरे, पोनपेई आणि चूक या बेटांवर उतरत उतरत ग्वामला पोहोचते. ‘आयलंड हॉपर’ या नावाने ती ओळखली जाते. काही फेऱ्यांत एखादे बेट गाळले जाते. क्वाजालीन हा लष्करी तळ असल्यामुळे तिथे परवानगी असलेल्या प्रवाशांनाच उतरता येते. होनोलुलू ते ग्वाम असे सरळ तिकीट काढून या विमानात बसलेला प्रवासी पाच ठिकाणी थांबतो, सहा वेळा उड्डाण अनुभवतो, पण त्याच्या तिकिटावर ओळ एकच असते आणि म्हणून सेगमेंटही एकच. त्याच विमानात शेजारी बसलेल्या प्रवाशाने मात्र माजुरोला दोन दिवस आणि पोनपेईला दोन दिवस राहायचे म्हणून होनोलुलू–माजुरो, माजुरो–पोनपेई आणि पोनपेई–ग्वाम असे तिकीट घेतले असेल, तर फ्लाइट नंबर तिन्ही वेळा यूए १५४ हाच असूनही त्याचे सेगमेंट तीन होतात.

नॉनस्टॉप, डायरेक्ट आणि कनेक्टिंग यांत सेगमेंटच्या दृष्टीने काय फरक आहे?

नॉनस्टॉप फ्लाइट वाटेत कुठेही उतरत नाही, म्हणून तिथे लेगही एक आणि सेगमेंटही एक. डायरेक्ट फ्लाइट वाटेत उतरू शकते, पण तिचा नंबर शेवटपर्यंत तोच राहतो. लेग दोन किंवा अधिक, सेगमेंट एक. कनेक्टिंग प्रवासात फ्लाइट नंबर बदलतो आणि प्रत्येक नंबरचा वेगळा सेगमेंट होतो.

प्रवाशाला अनुभवावरून हा फरक कळेलच असे नाही. क्वांटासची क्यूएफ १ सिडनीहून निघून सिंगापूरमार्गे लंडनला जाते. सिंगापूरला प्रवासी हातातले सामान घेऊन खाली उतरतात, टर्मिनलमध्ये वेळ काढतात, पुन्हा सुरक्षा तपासणीतून जातात आणि विमानात येऊन बसतात. हे सगळे कनेक्टिंग प्रवासासारखेच वाटते, पण सिडनी–लंडन हा एकच सेगमेंट असतो. सिंगापूर एअरलाइन्सची फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणारी एसक्यू २६ आणि एमिरेट्सची मिलानमार्गे न्यूयॉर्कला जाणारी ईके २०५ याच जातीच्या. ‘मी तर खाली उतरलो होतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

थांब्यावर विमानच बदलले, पण फ्लाइट नंबर तोच राहिला, तर?

असे घडते. पहिल्या लेगला लहान विमान, पुढच्या लेगला मोठे विमान, गेट वेगळे, कधी टर्मिनलही वेगळे आणि तरीही दोन्हींना एकच नंबर, अशी वेळापत्रके कंपन्या आखतात. वेळापत्रकाच्या भाषेत याला ‘चेंज ऑफ गेज’ म्हणतात. प्रवाशाच्या डोळ्यांना हा सरळसरळ कनेक्टिंग प्रवास असतो. कंपनीच्या लेखी मात्र, तिकिटावर एकच ओळ असेल तर, तो एक सेगमेंट राहतो.

माझ्या मते डायरेक्ट फ्लाइटचा हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण विमान बदलण्याचा त्रास प्रवाशाच्या वाट्याला येतो आणि कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठीच्या सदस्यत्व योजनेत दोन सेगमेंटचे श्रेय मात्र मिळत नाही. पहिले विमान उशिरा आले, तर पुढचे त्याच नंबरचे विमान तुमच्यासाठी थांबेल याचीही खात्री नसते. बुकिंग करताना थांब्याच्या माहितीत ‘विमान बदल’ असा उल्लेख आहे का, हे जरूर पाहावे.

इंधन भरण्यासाठी किंवा खराब हवामानामुळे विमान मध्येच उतरले, तर सेगमेंट वाढतो का?

नाही. प्रवाशांची चढउतार ज्यासाठी नाही असा थांबा हा तांत्रिक थांबा मानला जातो आणि तो तिकिटावर उमटत नाही. ब्रिटिश एअरवेजची लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला जाणारी बीए १ ही फेरी २००९ ते २०२० या काळात चालली. फक्त ३२ आसनांचे एअरबस ए३१८ हे विमान लंडन सिटीच्या आखूड धावपट्टीवरून पूर्ण इंधन घेऊन उडू शकत नसे, म्हणून ते आयर्लंडमधील शॅननला उतरत असे. तिथे विमानात इंधन भरले जाई आणि तोवर प्रवासी अमेरिकी इमिग्रेशनची तपासणी उरकून घेत. परतीच्या वाटेवर हे विमान न थांबता येई. जाताना दोन लेग, येताना एक लेग; सेगमेंट मात्र दोन्ही बाजूंना एकेकच.

विमान दुसऱ्याच शहराकडे वळवले गेले आणि काही तासांनी मूळ ठिकाणी पोहोचले, तरी हिशोब हाच. वळवलेल्या ठिकाणाहून पुढे तुम्हाला वेगळ्या फ्लाइट नंबरवर बसवले, तरच तिकिटात बदल होतो आणि मोजणीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

माझ्या तिकिटावर किती सेगमेंट आहेत हे कसे ओळखावे?

ई-तिकिटाची पावती उघडून प्रवासाच्या ओळी मोजाव्यात. प्रत्येक ओळीत फ्लाइट नंबर, चढण्याचे ठिकाण, उतरण्याचे ठिकाण, तारीख आणि प्रवासाचा वर्ग असतो. अशी प्रत्येक ओळ म्हणजे तिकिटाचे एक कूपन, आणि एक कूपन म्हणजे एक सेगमेंट. कागदी तिकिटांच्या काळात प्रत्येक टप्प्यासाठी खरोखरच एक पान फाडून घेतले जाई. इंटरनॅशनल एअर ट्रान्सपोर्ट असोसिएशन अर्थात आयाटाच्या सदस्य कंपन्यांनी १ जून २००८ पासून कागदी तिकिटे बंद केली. पान गेले, कूपनाची व्यवस्था मात्र तशीच राहिली. आता कूपनाची स्थिती संगणकात बदलते : आधी ‘ओपन’, चेक-इन झाल्यावर ‘चेक्ड-इन’, विमानात चढल्यावर ‘लिफ्टेड’ आणि प्रवास झाल्यावर ‘फ्लोन’. ज्या कूपनापुढे ‘फ्लोन’ नाही, तो सेगमेंट तुम्ही केला असे कंपनीची यंत्रणा मानत नाही.

तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचा संकेतांक असतात. एका क्रमांकाखाली जास्तीत जास्त चार कूपने मावतात. सहा सेगमेंटचा प्रवास असेल तर लागोपाठचे दोन तिकीट क्रमांक मिळतात आणि ते दोन्ही मिळून एकच तिकीट मानले जाते. दोन क्रमांक पाहून ‘माझी दोन तिकिटे झाली’ असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

वाटेत जास्त वेळ थांबलो, तर सेगमेंटची संख्या बदलते का?

थांबण्याच्या वेळेचा सेगमेंटच्या संख्येशी संबंध नसतो. तो भाड्याशी असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात एखाद्या ठिकाणी चोवीस तासांपेक्षा जास्त मुक्काम केला, तर साधारणपणे तो ‘स्टॉपओव्हर’ ठरतो आणि त्याहून कमी असेल तर केवळ कनेक्शन. स्टॉपओव्हरमुळे भाडे वाढू शकते किंवा भाड्याच्या नियमात तो बसतच नाही असेही होऊ शकते. पण दोन तासांचे कनेक्शन असो की चार दिवसांचा मुक्काम, फ्लाइट दोन असतील तर सेगमेंट दोनच.

एक अपवाद मात्र वर येऊन गेला आहे. डायरेक्ट फ्लाइटच्या थांब्यावर मुक्काम करायचा ठरवला, की तिथे तिकीट तुटते आणि एकाचे दोन सेगमेंट होतात.

मधला टप्पा मी रस्त्याने किंवा रेल्वेने केला, तर तो मोजला जातो का?

एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून पुढचे विमान पकडायचे असेल, तर मधला तुकडा आरक्षणात ‘अर्नक’ या खुणेने दाखवला जातो. पुढच्या ठिकाणी प्रवासी कसा पोहोचणार याच्याशी विमान कंपनीला देणेघेणे नाही, एवढाच तिचा अर्थ. ही ओळ आरक्षणात दिसते म्हणून काही जण ती मोजणीत धरतात. ती धरू नये, तिला कूपन नसते.

विमान कंपनीने स्वतःच्या फ्लाइट नंबरवर विकलेली रेल्वे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोनला जाणारी गाडी लुफ्तान्साच्या नंबरवर विकली जाते आणि तिला विमानासारखेच कूपन असते. काही रेल्वे स्थानकांना विमानतळांसारखे तीन अक्षरी संकेतांकही दिलेले आहेत. तिकिटाच्या दृष्टीने हा पूर्ण सेगमेंट आहे आणि तो वगळला तर पुढचे टप्पे रद्द होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. सदस्यत्वाच्या खात्यात तो जमा होईल की नाही, हे त्या त्या योजनेच्या नियमावर अवलंबून असते.

कोडशेअर फ्लाइट कोणाच्या खात्यात मोजली जाते?

कोडशेअरमध्ये विमान एका कंपनीचे असते आणि त्यावर नंबर दुसऱ्या कंपनीचाही लागलेला असतो. एकाच विमानाला तीन-चार नंबर असले तरी तुमच्या तिकिटावर त्यांपैकी एकच असतो, त्यामुळे सेगमेंट एकच. प्रश्न उरतो तो हा सेगमेंट पात्र आहे का याचा. काही योजना तिकिटावरचा नंबर कोणाचा ते पाहतात, काही विमान प्रत्यक्ष कोणी चालवले ते पाहतात आणि काही दोन्ही अटी एकत्र लावतात. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या आघाड्यांमुळे भागीदार कंपनीचे प्रवास आपल्या खात्यात घेता येऊ लागले खरे, पण ‘काही सेगमेंट आमच्याच विमानाने केले पाहिजेत’ अशी अट बहुतेक योजनांनी शिल्लक ठेवली आहे. युनायटेडच्या योजनेत दर्जा, म्हणजे सदस्याची वरची श्रेणी, मिळवण्यासाठी वर्षातून किमान चार फ्लाइट युनायटेडच्या किंवा युनायटेड एक्सप्रेसच्या असाव्या लागतात, मग बाकीचे सर्व आकडे कितीही भरोत.

आजच्या सदस्यत्व योजनांत सेगमेंटला किती किंमत उरली आहे?

पूर्वीपेक्षा बरीच कमी. एके काळी वर्षभरात ठरावीक सेगमेंट केले की वरचा दर्जा मिळे. शिवाय अमेरिकेतल्या अनेक योजनांत प्रत्येक सेगमेंटला किमान ५०० माईल्स, म्हणजे अंतरावरून खात्यात जमा होणारे गुण, मिळत, प्रत्यक्ष अंतर दोनशे मैलांचे असले तरी. त्यामुळे आखूड पल्ल्याचे दोन वेगळे सेगमेंट आणि त्याच दोन लेगची एक डायरेक्ट फ्लाइट यांत मोठी तफावत पडे : पहिल्यात किमान हजार माईल्स, दुसऱ्यात चढण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणांमधल्या सरळ अंतराएवढे किंवा पाचशे. नियमित प्रवाशांना हे गणित तोंडपाठ असे आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या नंबरांच्या फ्लाइट निवडत.

त्यानंतर कंपन्यांनी मोजपट्टीच बदलली. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ मध्ये सेगमेंट आणि अंतर दोन्ही सोडून ‘लॉयल्टी पॉइंट्स’ आणले. डेल्टाने २०२४ पासून दर्जासाठी फक्त खर्च मोजायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजनेही १ एप्रिल २०२५ पासून मुख्यतः खर्चाचीच मोजपट्टी लावली. कंपनीला अनेकदा उडणारा प्रवासी नको आहे, जास्त पैसे देणारा हवा आहे, हे यातून उघडच दिसते. आणि तिच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही.

तरीही सेगमेंट पूर्णपणे निकालात निघालेले नाहीत. युनायटेड आजही खर्चाच्या गुणांबरोबर फ्लाइटची संख्या मोजते. २०२५ साठी सिल्व्हर दर्जा १५ पात्र फ्लाइट आणि ५,००० गुणांवर मिळत होता. फ्लाइटची संख्या भरत नसेल, तर केवळ गुणांवर तो मिळवण्यासाठी ६,००० गुण लागत. एअर फ्रान्स–केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेत एप्रिल २०१८ पासून प्रत्येक सेगमेंटला अंतराच्या टप्प्यानुसार आणि वर्गानुसार ‘एक्सपी’, म्हणजे दर्जासाठीचे गुण, मिळतात. इकॉनॉमी वर्गात देशांतर्गत सेगमेंटला २, दोन हजार मैलांच्या आतील आंतरराष्ट्रीय सेगमेंटला ५ आणि त्यापुढे अंतराप्रमाणे ८, १० किंवा १२. बिझनेस वर्गात हेच आकडे तिप्पट. म्हणजे पॅरिस–न्यूयॉर्क नॉनस्टॉपला इकॉनॉमीत १०, तर तुलूझहून निघून पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला गेल्यास १२. अमेरिकेतल्या साउथवेस्ट या कंपनीची पद्धत याच्या नेमकी उलट आहे : तिथे एका तिकिटावरचा मूळ ठिकाणापासून अंतिम ठिकाणापर्यंतचा एकेरी प्रवास, मधली कनेक्शन धरून, एकच फ्लाइट म्हणून मोजला जातो.

मग जास्त सेगमेंट मिळावेत म्हणून मुद्दाम कनेक्टिंग प्रवास घ्यावा का?

बहुतेकांनी घेऊ नये. दोन एक्सपीसाठी किंवा एका जास्तीच्या फ्लाइटसाठी चुकलेल्या कनेक्शनची जोखीम पत्करणे शहाणपणाचे नाही. वर्षअखेरीस वरच्या दर्जासाठी एखादाच सेगमेंट कमी पडत असेल आणि दोन्ही पर्यायांचे भाडे सारखेच असेल, तेवढ्यापुरता हा विचार योग्य आहे. त्यातही सर्वांत स्वस्त वर्गाची तिकिटे आणि माईल्स वापरून काढलेली तिकिटे यांचे सेगमेंट अनेक योजनांत दर्जासाठी धरले जात नाहीत, हे आधी तपासावे. शेजारी मोकळी जागा हवी म्हणून विकत घेतलेल्या दुसऱ्या आसनाचा वेगळा सेगमेंट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एखादा सेगमेंट मी केलाच नाही, तर?

न केलेला सेगमेंट मोजला जात नाही, आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. कूपने क्रमानेच वापरावी लागतात. पहिल्या किंवा मधल्या टप्प्याला प्रवासी हजर झाला नाही, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, आणि परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर तोही. ‘मी थेट मधल्या शहरातून बसतो’ असे विमानतळावर सांगून उपयोग होत नाही, कारण तोपर्यंत आरक्षणच उरलेले नसते. शेवटचा टप्पा सोडला तर रद्द होण्यासारखे पुढे काही राहत नाही, म्हणून स्वस्त तिकिटासाठी काही जण तसे करतात; कंपन्यांच्या प्रवास अटी बहुधा याला मनाई करतात, आणि सामान अंतिम ठिकाणापर्यंत टॅग झालेले असते हा त्यातला व्यवहारी पेच वेगळाच.

कंपनीनेच माझा मार्ग बदलला तर कोणते सेगमेंट धरले जातात?

समजा, तुमच्या तिकिटावर दोन सेगमेंट होते. पहिली फ्लाइट रद्द झाली आणि कंपनीने तुम्हाला नॉनस्टॉप फ्लाइटमध्ये बसवले. यंत्रणा प्रत्यक्ष झालेला प्रवास नोंदवते, म्हणून खात्यात एकच सेगमेंट येतो. अनेक योजना अशा वेळी विनंती केल्यास मूळ तिकिटाप्रमाणे श्रेय देतात, पण ते आपणहून देत नाहीत; मागावे लागते. उलट बाजूने, एकाच्या जागी दोन सेगमेंट करावे लागले, तर जास्तीचे श्रेय बहुधा न मागता जमा होते. आघाडीबाहेरच्या कंपनीच्या विमानात बसवले गेले असेल, तर मात्र काहीच जमा होत नाही आणि तेव्हा मूळ तिकिटाची पावती हाताशी असणे फार उपयोगी पडते.

कर आकारणीतही सेगमेंट असेच मोजतात का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतात. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासावर सेगमेंटनिहाय कर आहे. २०२५ मध्ये तो प्रत्येक सेगमेंटला ५.२० डॉलर होता. कायद्यातली व्याख्या अशी की एक उड्डाण आणि एक उतरणे म्हणजे एक देशांतर्गत सेगमेंट. थोडक्यात, विमान कंपनी ज्याला लेग म्हणते, त्यालाच हा कायदा सेगमेंट म्हणतो. एका नंबरच्या फ्लाइटने मध्ये एकदा थांबून गेलात, तर सदस्यत्वाच्या खात्यात एक सेगमेंट येतो आणि कर मात्र दोनांचा लागतो. कायद्याने एक न्याय्य तरतूदही केली आहे : भाडे न बदलता केवळ मार्ग बदलल्यामुळे सेगमेंट वाढले, तर वाढीव कर लागत नाही.

शिकागोहून डेन्व्हरला विमान बदलून लॉस एंजेलिसला जाणारा एकेरी प्रवास घेऊ. सेगमेंट कर दोनदा, म्हणजे २०२५ च्या दराने १०.४० डॉलर. विमानतळ सुविधा शुल्क प्रत्येक चढण्याला कमाल ४.५० डॉलर, एका दिशेला जास्तीत जास्त दोनदा, म्हणजे कमाल ९ डॉलर. तिसरे विमान असते तरी या शुल्काची रक्कम वाढली नसती. सुरक्षा शुल्क मात्र एकदाच, ५.६० डॉलर. हे शुल्क पूर्वी दर चढण्याला २.५० डॉलर होते. जुलै २०१४ पासून ते एकेरी प्रवासाला एक असे झाले, आणि देशांतर्गत प्रवासात मध्ये चार तासांपेक्षा जास्त थांबलात तर नवा एकेरी प्रवास सुरू झाला असे धरून पुन्हा आकारले जाते. एकाच तिकिटावर तीन आकारण्या आणि तिन्हींची मोजण्याची रीत वेगळी. भाड्याचा तपशील पाहून ‘हिशोब चुकला’ अशी तक्रार करण्यापूर्वी हे जुळवून पाहावे.

उशीर झाल्यास भरपाई सेगमेंटप्रमाणे मिळते की पूर्ण प्रवासाप्रमाणे?

युरोपीय संघाच्या नियमांत एका बुकिंगमधला कनेक्टिंग प्रवास एकसंध मानला जातो. बर्लिनहून कॅसाब्लांकामार्गे अगादीरला जाणाऱ्या प्रवासाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये हेच सांगितले. मध्ये विमान बदलले म्हणून दुसरा टप्पा सुटा धरता येणार नाही.

हा नियम नेहमी प्रवाशाच्या फायद्याचा ठरतो असे नाही. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये रोम–ब्रुसेल्स–हॅम्बुर्ग प्रवासाचा निकाल लागला होता. दोन्ही सेगमेंटची बेरीज १,६५६ किलोमीटर होती, पण रोम ते हॅम्बुर्ग सरळ अंतर १,३२६ किलोमीटर. भरपाईची पहिली पायरी १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरोची आहे आणि त्यापुढची ४०० युरोची. न्यायालयाने सरळ अंतर धरले, त्यामुळे प्रवाशांच्या हाती २५० युरोच पडले. विमान प्रत्यक्षात किती फिरून गेले, याला इथे महत्त्व नाही.

सरकारी आकडेवारीत दिसणारी प्रवासीसंख्या सेगमेंटची असते का?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, एका फ्लाइट नंबरवरच्या प्रवाशाला एकदाच मोजते, मध्ये कितीही थांबे असोत. अपवाद एकच : त्याच फ्लाइटचा काही भाग देशांतर्गत आणि काही आंतरराष्ट्रीय असेल, तर प्रवासी दोन्हीकडे मोजला जातो. कनेक्टिंग प्रवासी मात्र प्रत्येक फ्लाइटला नव्याने मोजला जातो. म्हणूनच ‘इतक्या कोटी लोकांनी विमानप्रवास केला’ हे वाक्य वाचताना ती माणसांची संख्या नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

मधली फ्लाइट बदलायला गेलो तर पूर्ण प्रवासच बदलावा लागेल असे का सांगतात?

कारण ते सेगमेंट एकमेकांना जोडलेले असतात. कंपनी जागा विकताना प्रत्येक फ्लाइटचा सुटा विचार करत नाही. मूळ ठिकाणापासून अंतिम ठिकाणापर्यंतच्या मागणीवर कोणता भाडेवर्ग खुला ठेवायचा ते ठरवते. त्यामुळे एका शहरापर्यंतच्या फ्लाइटमध्ये स्वस्त वर्ग बंद दिसतो आणि त्याच फ्लाइटने पुढच्या शहरात जाणाऱ्याला तोच वर्ग खुला मिळतो. अशा जोडीला आरक्षण क्षेत्रात ‘मॅरीड सेगमेंट’ म्हणतात, आणि नावाप्रमाणे ती परस्पर तोडता येत नाही. तोडली, तर कंपनीची यंत्रणा दोन्ही सेगमेंट रद्द करू शकते. एजंटाने ‘युक्तीने’ जोडी तोडून स्वस्त जागा मिळवून दिली, तर कंपनी फरकाची रक्कम त्याच्याकडून वसूल करते. म्हणून एजंट नाही म्हणतो तेव्हा तो दरवेळी टाळाटाळच करत असतो असे नाही.

केलेला सेगमेंट खात्यात जमा झाला नाही, तर काय करावे?

आधी काही दिवस वाट पाहावी, कारण भागीदार कंपनीची माहिती पोहोचायला वेळ लागतो. त्यानंतर तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पास जोडून योजनेच्या संकेतस्थळावर राहिलेल्या श्रेयाचा अर्ज करावा. अर्जात प्रवासाचे वर्णन लिहिण्यापेक्षा तिकिटावरची नेमकी ओळ द्यावी : फ्लाइट नंबर, तारीख, चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण, आणि भाडेवर्गाचे अक्षर. नाव तिकिटावर आणि खात्यात वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असणे, हे श्रेय अडण्याचे नेहमीचे कारण आहे. अर्ज करण्याची मुदत प्रत्येक योजनेत वेगळी असते आणि ती उलटल्यावर सहसा काही ऐकून घेतले जात नाही, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो प्रवासाच्या दिवशीच काढून ठेवावा.